साहेब ठेचा मागतात

माझ्या नाटकात एक गोरा साहेब हवा होता आणि आमच्यात गोरं कुणी नव्हतं.

एप्रिलातल्या जयंतीला आम्ही बहारीनमधली विदर्भाकडची मंडळी दरवर्षी एक छोटं नाटक करतो. कुणी टेक्निशियन, कुणी ऑफिसात. मी मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात मालाची आवक-जावक बघते. त्या वर्षी नाटक लिहायचं काम माझ्याकडे आलं. गोष्ट साधीच होती. अकोल्याकडची म्हातारी मुलाकडे इथल्या गुदैबिया भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला येते आणि पहिल्याच दुपारी मुलाचा इंग्रज साहेब न सांगता जेवायला टपकतो. म्हातारी मी, मुलगा माझे मिस्टर. साहेबासाठी एसीचं काम करणारे एक भाऊ तोंडाला पावडर फासून उभे राहिले, तर आमच्याच लोकांनी त्यांची टर उडवली.

"हा साहेब नाही," मिस्टर म्हणाले, "गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखा दिसते."

तोडगा माझ्या मुलीनं काढला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिच्या शाळेतल्या एका इंग्रज बाईंचे वडील तिकडे नट होते, टीव्हीवर दिसायचे, असं तिनं सांगितलं. बायको वारल्यावर ते मुलीकडे सनाबिसला राहायला आले होते.

मी बाईंना फोन करून एका शनिवारी त्यांच्या घरी गेले. सोफ्यावर एक उंच, वाळका म्हातारा बसला होता. लांब कान, ओघळलेले गाल आणि भुवया अशा, की चेहऱ्याशी त्यांचा काही संबंधच नसावा. त्या आपल्या आपण वर-खाली होत होत्या. बाईंनी मला फोनवर त्यांची जुनी कामं दाखवली. पोस्टमन होऊन ते आले होते आणि त्यांची पिशवी फाटकात अडकली होती. पोलीस होऊन आले, तर नेमके मोडक्या खुर्चीवर बसले. पाद्री होऊन आले आणि प्रेतापाशीच त्यांना शिंका लागल्या. इंग्रजी विनोद मला सगळे कळले नाहीत, पण हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुख्य काम कधी मिळालं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "लोक रस्त्यात थांबवायचे. चेहरा ओळखीचा, नाव कुणाला आठवायचं नाही. एका बाईनं तर विचारलं, तुम्ही आमच्याकडे नळ दुरुस्त करायला आला होता ना?"

"वाईट वाटलं असेल, सर."

"छे! तिला विचारलं, नळ नीट चालतोय ना?"

मी नाटकातल्या साहेबाचं काम सांगितलं. त्यांच्या भुवया एकदम खाली आल्या. शेवटच्या नाटकात त्यांना वाक्य आठवलं नव्हतं. सगळं थिएटर गप्प झालं आणि ते तसेच आत निघून गेले. पुन्हा कुणी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तरी ते गेले नसते.

"तुम्ही दुसरा कुणी शोधा," ते म्हणाले. मी चहा संपवून परत आले.

पुढच्या शुक्रवारी गुदैबियात एका हॉटेलच्या वरच्या खोलीत आमची तालीम चालू होती. बघते तर दारात बाई आणि त्यांच्यामागे त्यांचे वडील. "नुसतं बघायला आलोय," असं म्हणून ते कोपऱ्यात बसले. मराठीचा एक शब्द येत नव्हता, तरी ते बरोबर त्या त्या जागी हसत होते. पण मला जो प्रसंग सगळ्यांत विनोदी वाटायचा, म्हातारी साहेबाला पहिल्यांदा बघते तो, तिथे ते ढिम्म बसून राहिले. मला राहवलं नाही. काय चुकलं म्हणून विचारलं.

"तुम्ही लोकांच्या आधी हसता," ते म्हणाले. "आपण गंमतशीर आहोत हे म्हातारीला ठाऊकच नाही. तिला काळजी आहे, साहेब रागावला तर पोराची नोकरी जाईल. तुम्ही फक्त काळजी करा. हसायचं काम त्यांचं."

मी पुन्हा केलं. या वेळी खरंच काळजी केली. मिस्टर स्वतःचं वाक्य विसरून खो-खो हसायला लागले. म्हातारबुवा खुर्चीतून उठले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "यल्ला, चला. माझी बेल कुठेय?"

मी साहेबाला इंग्रजी वाक्यं लिहिली होती. त्यांनी शेवटचं वाक्य मराठीतच हवं म्हणून हट्ट धरला. म्हातारी ठेचा वाढते, साहेबाचा घसा जळतो, पण तिचं मन मोडू नये म्हणून तो तिच्या भाषेत म्हणतो, "आजी, अजून वाढा." हा 'ढ' काही त्यांच्या जिभेवर बसेना. गाण्यासारखं ते वाक्य गुणगुणत फिरायचे. खालच्या हॉटेलात वेटरलाही तेच म्हणायचे आणि 'आजी' हा पदार्थ समजून तो मल्याळी बिचारा अरबीत 'नाही' म्हणायचा, "मफी आजी, साब. परोटा है."

जयंतीच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. गाणी झाली, भाषणं झाली. पडद्यामागे त्यांचा हात माझ्या हातात होता, बर्फासारखा गार.

"जमलं नाही तर?"

"मी आहे ना समोर," मी म्हणाले आणि स्टेजवर गेले.

बेल वाजली. मिस्टरांनी दार उघडलं. सूट घातलेले ते खजुराचा डबा छातीशी धरून नुसते उभे राहिले आणि पहिल्या रांगेतल्या बाया हसायला लागल्या. मग ते जमिनीवर जेवायला बसले. त्या लांब पायांची घडी होता होईना. एक पाय मुडपला की दुसरा सुटायचा. लोक आडवे पडायचे बाकी होते. मी ठेचा वाढला. खरा ठेचा, माझ्या हातचा. कोथिंबिरीचा खोटा त्यांनीच नको म्हटला होता. त्यांनी भाकरीला लावून घास घेतला. गाल लाल झाले, भुवया कपाळावर चढल्या. आता वाक्य.

वाक्य आलं नाही.

ते त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं. हॉल गप्प झाला. मी हळूच वाक्य सांगणार होते, पण तोंडच उघडेना. मी फक्त त्यांच्याकडे बघत राहिले, घरी आलेल्या पाहुण्याच्या घशात घास अडकल्यावर बघतात तशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठेच्याकडे पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं, आणि एक क्षण मला वाटलं, गेले हे. पण ते पुन्हा माझ्याकडे वळले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी टायनं डोळे पुसले. हसू वाढलं. मग अगदी सावकाश त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं, आणि सगळा हॉल हसत असताना, जन्मभर अकोल्यात राहिल्यासारखा स्वच्छ 'ढ' उच्चारून म्हणाले,

"आजी... अजून वाढा!"

लोक उठून उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या, बाया पदरानं डोळे पुसतायत. मिस्टरांचं पुढचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो आणि लोक थांबायचं नाव घेईनात.

आत आल्यावर बाईंनी वडिलांना मिठी मारली. ते पाण्याची बाटली एका दमात संपवून म्हणाले, "लंडनमध्येसुद्धा मला एवढं मोठं हसू कधी मिळालं नव्हतं."

मग त्यांना उसंत मिळाली नाही. इथल्याच मुंबई-पुण्याकडच्या इंजिनियर मंडळींनी गणपतीसाठी मागणी घातली. "साहेब आम्हाला द्या ना, ताई." मिस्टर म्हणाले, "घेऊन जा, पण परत आणून सोडा बापा!" पुढच्या जयंतीला मी सबंध नाटकच त्यांच्यावर लिहिलं, गुदैबियातल्या मराठी घरात भाड्यानं राहणाऱ्या इंग्रजाचं. आयुष्यातलं पहिलं मुख्य काम. पोस्टरवर त्यांचं नाव सगळ्यांत वर छापलं. पडदा पडल्यावर ते पुढे येऊन वाकले, तेव्हा पोरं खुर्च्यांवर चढून त्यांना नावानं हाका मारत होती.

सध्या नव्या नाटकाच्या तालमी चालू आहेत. कालच आमचं वाजलं. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या अंकात त्यांना एक गाणं हवं, आणि तेही मराठीत. मी म्हटलं, सूर लागत नाही तुमचा. ते म्हणाले, मग तर हवंच. आज सकाळी गोदामात जाण्याआधी मी ते गाणं लिहून टाकलं.