आत्याचं पंचावन्न

कॉलनीतल्या भजनी मंडळाची सहल बेज्जूरकडे, प्राणहिता नदीवर निघाली, तेव्हा नावनोंदणीचा प्रोग्राम मी लिहिला. काळ्या पडद्यावर प्रश्न यायचा, बाईनं नाव आणि वय टाइप केलं की सीट नंबर हजर. साठीच्यांना बसमध्ये पुढची सीट, बाकीच्यांना मागची. मी आदिलाबादेत घरी बसून कंपनीची असलीच कामं करते, त्यामुळे गर्व भरपूर होता.

पहिल्याच नोंदणीला माझ्या आत्यानं तो बंद पाडला.

आत्याचं बांगड्यांचं दुकान आहे आणि तिला गाडी लागते. मागच्या सहलीत शेवटच्या बाकावर बसवलं, तर नेरडीगोंडा यायच्या आत तिनं तीन पिशव्या भरल्या. पुढची सीट नसेल तर येणारच नाही, असं तिनं मला बजावलं होतं.

"वय किती टाकलं होतंस?" मी विचारलं.

"पंचावन्न. दुसरं काय टाकन?"

मी पंचावन्न टाकलं. चाललं. चोपन्न, छप्पन्न, तेही चाललं. चिडून शून्य टाकलं, मग उणे एक. अजून न जन्मलेल्या बाईलाही मागची सीट मिळाली. दीडशेच्या बाईला पुढची. पण प्रोग्राम बंद पडायचं नाव काढेना.

"आत्या, नक्की पंचावन्नच?"

"काऊन व, मले खोटं पाडून राह्यली काय?"

कंपनीच्या कामात आम्ही अशा वेळी थेट अटीच्या काठावर जातो. एकोणसाठ टाकलं, चाललं. एकसष्ट, चाललं. साठ टाकलं आणि प्रोग्राम धाडकन बंद. मी 'साठपेक्षा कमी' लिहिलं होतं, 'साठपेक्षा जास्त' लिहिलं होतं. बरोब्बर साठ असलेली बाई कुठे बसणार, हे लिहायलाच विसरले होते.

मी वळून पाहिलं. आत्या पंख्याकडे बघत होती.

"पुढची सीट पाह्यजे होती ना मले," ती हळूच म्हणाली. "पन मंडळात सांगू नको व माय. पाच वर्षं झाले, मी पंचावन्नवरच हावो."

मला हसू आवरेना आणि तिची दयाही आली. पुढे बसावं तर साठी उघडी पडणार, मागे बसावं तर पिशव्या. मी चूक दुरुस्त केली आणि पुढच्या सीटची अटच 'पंचावन्न आणि पुढे' अशी केली. मंडळालाही तसं कळवलं.

सहलीच्या सकाळी मी यादी घेऊन बसमध्ये चढले, तर पुढच्या आठ सीटवर आत्या एकटीच होती. मागे सगळं मंडळ दाटीवाटीनं बसलेलं, यादीत एकजात चोपन्न वर्षांचं. त्यात दोघी पणज्या होत्या.

आत्यानं वळून एकेकीला नीट न्याहाळलं आणि माझ्या कानाशी आली.

"किती खोटं बोलतेत व ह्या बाया!"