कागद खरा, वस्तू वेगळी

ताई गेल्याचा फोन शेजारच्या काकूंनी केला. बोरिवलीहून मुलुंडला पोचलो तेव्हा तिच्या टेबलावरचा दिवा चालूच होता आणि भिंगाखाली एक जपानी कागद अर्धवट वाचलेला होता. पाच आठवडे झाले. त्यानंतर मी एक चूक करून बसलो आहे आणि तिच्याबद्दल लिहायचं तर त्या चुकीपासून मला सुटका नाही.

माझी थोरली बहीण सुलभा जुन्या जपानी तलवारींच्या सुट्या भागांची प्रमाणपत्रं वाचून द्यायची. पातं आणि मूठ यांच्यामध्ये एक नक्षीदार लोखंडी चकती असते, त्सुबा. शौकीन लोक त्या जमवतात. सोबत तिकडच्या तज्ज्ञांचा कागद येतो. वस्तू कोणती, माप किती, कारागिराची सही आहे की नाही, शेजारी फोटो आणि त्यावर शिक्का. अंधेरीच्या कंपनीत नोकरीला असताना ताई जपानी शिकली होती. जुहूचे एक गृहस्थ अशा चकत्यांच्या डब्या घेऊन यायचे. ताई आधी कागद तळहाताने झाकायची, चकती भिंगातून बघून पेन्सिलीने स्वतःचं वर्णन लिहायची आणि मगच हात उचलायची. एकदा ते वैतागले, “अहो ताई, शिक्का आहे ना त्याच्यावर?”

“शिक्का कागदावर आहे,” ताई म्हणाली. फोटोतल्या चकतीच्या कडेला बारीक खाच होती, हातातल्या चकतीला नव्हती. “कागद खरा आहे. पण तो ह्या वस्तूचा नाही.” गृहस्थ चहा न घेताच गेले... पुढच्या महिन्यात दुसरी डबी घेऊन आले.

तिला वर्षभर जपानला शिकायला बोलावलं होतं. त्याच सुमारास आई पडली आणि अंथरुणाला खिळली. ताईने विचारलं, “एक वर्ष आईला नेशील रे तुझ्याकडे?” मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, “तू आहेस म्हणून तर मी निर्धास्त आहे गं.” सरळ नाही म्हटलं असतं तर ती भांडली तरी असती. तिचं जपानला जाणं राहिलं, मग नोकरीही सुटली. अकरा वर्षं आतल्या खोलीतून आईची मालवणी हाक यायची, “खंय गेलंस गो?” आणि इथेच असल्याचं ताईचं तेच उत्तर, “हंयच आसंय.” आई गेली तोवर ताईचे गुडघे गेले होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जपान तिच्याकडे डबीतून यायचा आणि डबीतूनच परत जायचा. मी रविवारी पापलेट घेऊन जायचो आणि स्वतःला चांगला भाऊ समजायचो. त्याची आता लाज वाटते.

मृत्यूच्या नोंदणीचा अर्ज मीच भरला. ‘व्यवसाय’ या रकान्यात क्षणभरही न थांबता लिहिलं, घरकाम. अर्ज देऊन आलो, शिक्का मारलेली झेरॉक्स तिच्या टेबलावर ठेवली आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी तो रकाना दुरुस्त करून घ्यायला नोंदणी कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “पुरावा काय आहे? लेटरहेड, पावती, काहीही चालेल.” काहीच नव्हतं. होत्या त्या पेन्सिलीने लिहिलेल्या चाळीसेक चिठ्ठ्या, एकीवरही तिची सही नाही.

काल तिच्या खुर्चीत बसलो. झेरॉक्स तळहाताने झाकली आणि तिच्यासारखंच आधी ताईचं वर्णन लिहायला घेतलं... ते हेच. मग हात उचलला. नाव बरोबर, वय बरोबर, पत्ता बरोबर, शिक्का स्वच्छ उमटलेला, खाली माझी सही.

कागद खरा आहे, ताई. पण तो तुझा नाही.