नारळ कुणी फोडायचा

महाळुंग्यात आम्ही कामगारांच्या डब्यांचं स्वयंपाकघर काढलं, त्याच दिवशी भांडणाचं बी पडलं. आमच्यात नारळ फोडत नाहीत, पण बायकांची हौस म्हणून मी तो मुख्य स्वयंपाकिणीच्या, परभणीच्या मावशींच्या हातात दिला. तो मान गावच्या पुढाऱ्याचा, भाऊचा होता, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी दिला नसता.

मी पिंपरीची, कामगाराची लेक. आमच्या वस्तीत समाजाचं काम म्हणजे कुणापुढं मान तुकवायची नाही. स्वयंपाकघराला पैसे देणारे बंगळूरचे. त्यांना नफा हवा आणि गावोगावी शाखा. मावशींच्या हिशेबी तो बचत गट, सगळ्यांचा वाटा सारखा. आणि महाळुंगेकरांचं म्हणणं? कंपन्यांत जमीन आमची गेली, तेव्हा इथं जे काही शिजेल त्यावर पहिला हक्क आमचा.

भाऊ कंपन्यांना माणसं आणि गाड्या पुरवायचा. एका दुपारी तो पोरं घेऊन आत शिरला.

"डबं आता आमच्या गाडीतनं जातील. कामाला आमच्या बायका लागतील."

"चालता हो," मी म्हटलं. बायकांनी घाम गाळून उभं केलेलं स्वयंपाकघर मी याच्या घशात घालणार नव्हते.

पोरांनी दांडकी काढली. कणीक बुटांखाली तुडवली, मिक्सर भिंतीवर आपटले. मी एकाच्या मनगटाला कडकडून चावले; त्यानं माझं डोकं ओट्यावर आदळलं. तोंडात रक्त आलं, माझं की त्याचं कोण जाणे. तेवढ्यात भाऊनं पातेल्याला लाथ घातली आणि उकळती आमटी मावशींच्या दोन्ही पायांवर सांडली. ती किंकाळी आठवली की अजून त्याचा गळा दाबावासा वाटतो.

कोसळता कोसळता मावशींनी लोखंडी झारा त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली.

"माझी आई भांडी घासती!" रक्ताळला डोळा धरून तो ओरडला. "आमच्याच रानात बांधलेल्या बिल्डिंगीत! अन् तुमाला परभणीच्या बायका लागतात व्हय?"

"मंग आईला पाठवायचं व्हतं ना रे," मावशी कण्हत म्हणाल्या. "ही पोरं कशाला आणली?"

तो मावशींना उचलायला वाकला. मी त्याला ढकलून दिलं, पण मावशी मला एकटीला उचलेनात, आणि बाकीच्या बायका अन् त्याची पोरं रस्त्यावर पळाली होती. शेवटी खांदे मी धरले, पाय त्यानं. त्याच्याच गाडीपर्यंत मी त्याला शिव्या घालत होते आणि तो खालमानेनं ऐकून घेत होता.