तुमी जरा लांब जावा

सात रस्त्याला माझ्या ऑफिससमोर एक शेंगावाला बसतो. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, हाताकडे न बघता कागदाचा पुडा वळतो आणि वर दोन शेंगा जास्तीच्या टाकतो.

मी नवी गाडी घेतली. तिची किल्ली खिशातच ठेवायची. जवळ जाऊन हँडल ओढलं की दार उघडतं, लांब गेलं की आपोआप लॉक होतं. पण माझा जुना संशयी स्वभाव! लॉक झालंय का बघायला मी परत यायचो, हँडल ओढायचो आणि दार उघडायचं. चार दिवस शेंगावाल्यानं ही कसरत पाहिली. पाचव्या दिवशी हात झटकत उठला.

"तुमी हितं हाय म्हणून उघडतंय की! जरा लांब जावा, मी ओढून बघतो."

तेव्हापासून रोज मी ऑफिसच्या पायरीवर थांबायचो. तो हँडल ओढायचा आणि 'बंद हाय' म्हणून हात हलवायचा.

परवा एका हवालदारानं त्याला हँडल ओढतानाच धरलं. मी धावत गेलो.

"सोडा त्यांना, माझ्या ओळखीचे आहेत."

"नाव काय यांचं?"

मी इतक्या दिवसांत ते विचारलंच नव्हतं.

शेवटी तोच म्हणाला, "नाव ऱ्हाऊ द्या सायेब, गाडीला इचारा. ती मला रोज न्हाय म्हणती."

खात्री करायला हवालदारानं स्वतः हँडल ओढलं. दार अलगद उघडलं.

शेंगावाल्यानं कपाळावर हात मारला आणि माझ्यावरच खेकसला, "तुमी जवळ कशाला आला?"