सलग वाजलेला डबा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. माझं हसू त्या दिवशी जे संपलं ते अजून परत आलेलं नाही. एक शिकलेली बाई स्वतःच्या हातांनी स्वतःचं वाटोळं किती पद्धतशीर करू शकते, ते ऐकायचंय ना? मग चहा निवू देऊ नका.

पुण्याचं कॉलेज संपवून मी थेट आमच्या गावच्या शाळेत शिकवायला आले. गाव कसलं, कुंभारवाड्यापलीकडच्या रानात विखुरलेली घरं! शाळेवर सत्ता आप्पाकाकांची. ते गावचे म्होरके आणि माझे सख्खे चुलते, म्हणजे संकट दुहेरी. काहीही नवं काढा, त्यांचं उत्तर ठरलेलं: "आजवर कुणाचं अडलंय व्हय?"

मी वरच्या वर्गाला उद्योगाचा तास सुरू केला. तरफ, कप्पी, पाण्याचा जोर, सगळं हातानं करून शिकायचं. त्या तासाला मुलीसुद्धा बसायच्या. त्यातली काशी तर अशी की ओंडका नुसता हातावर तोलून त्याचा मध्य सांगेल. बाकी विषयांना तिला घरचे सोडतच नसत. ही एवढीच तिची शाळा.

काकांनी अट घातली. "शाळा तपासायला सुप्याहून दिपोटीसाहेब यायचा हाय. त्यानं बरं म्हटलं तर तुझा तास चालू. न्हाई तर पोरी आपापल्या घरला."

ठीक आहे, म्हटलं. दाखवतेच!

भात पिकायला आलं होतं आणि रानडुकरं रोज शेतात उतरत होती. माणसं रात्रभर मचाणावर बसून डबे बडवायची आणि त्यांची मुलं दिवसा माझ्या वर्गात पेंगायची. म्हणून आम्ही डुकरं हाकायचं यंत्रच केलं. पोखरलेला ओंडका मध्यावर खुंटीत अडकवायचा. पाटाचं पाणी त्याच्या पुढच्या टोकात भरलं की ते वाकणार, पाणी सांडणार, आणि मागचं टोक धाडकन खाली घासलेटच्या डब्यावर! परत पाणी, परत धाड! माणूस नको, जागरण नको.

काका येऊन बघून गेले. काठी टेकत म्हणाले, "अगं, पण ह्यो डबा किती येळानं वाजणार?"

"काका, यातलं तुम्हाला कळायचं नाही," मी म्हटलं.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते आता झोपेतही ऐकू येतं.

साहेब आले. तपकिरी कोट, घाम पुसायला रुमाल, चेहरा प्रवासानं आंबलेला. बांधावरून जपून पावलं टाकत यंत्रापाशी पोचले. आणि यंत्र आपलं निवांत! एक धाड, मग पाणी भरतंय, भरतंय... साहेबांनी जांभई दिली. मी धावत जाऊन पाटाचं तोंड पुरतं मोकळं केलं.

धाड धाड धाड धाड!

"बाई, बाई, असं न्हाई वाजवत!" काशी ओरडली. "सलग वाजलं की..."

"साहेबांपुढे मला शिकवू नकोस!"

बिचारी मागे सरली. माझीच विद्यार्थिनी, करणार काय?

आणि काय आश्चर्य! चारी बाजूंच्या टेकड्यांवरून आरोळ्या उठल्या. शिंग वाजलं. माणसं धावत खाली यायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. म्हटलं, बघा, अडाणी म्हणत होते मी यांना, आणि यंत्र बघायला गाव कसं लोटलंय!

"उत्साह मोठा दिसतो लोकांना," साहेब म्हणाले. "पण सगळ्यांच्या हातात काठ्या का?"

"रानातले लोक आहेत, साहेब. काठीशिवाय बाहेर पडत नाहीत."

"आणि भाले?"

कुत्री भुंकत पुढे आली. मग एक दगड सूं करून साहेबांच्या कानाजवळून गेला आणि त्यांनी सरळ उभ्या भातात बुडी मारली.

"हाललं! हाललं! तपकिरी हाय!"

"जाळं टाका रं!"

डुकराच्या शिकारीचं जाळं होतं ते. जाडजूड काथ्याचं. नेम असा की मी वर्गात कौतुकच केलं असतं. आत साहेब ओरडतायत, वर चौघं बसलेत, आणि माझा डबा आपला धाड धाड धाड! पाटाचं तोंड बंद करायला जावं तर वाटेत अर्धं गाव.

आप्पाकाका धापा टाकत पोचले. "वाघ कुठाय?"

"कसला वाघ?"

काकांनी डब्याकडे पाहिलं. मग जाळ्याकडे. जाळ्यातून बाहेर आलेल्या बुटाकडे. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, थांबून थांबून वाजला तर डुक्कर. सलग वाजला तर वाघ. मग जो जिथं आसंल तिथनं निघतो आणि घेरतो. बारकं पोर बी जाणतंय हे. म्हणून तर इचारलं होतं न्हवं, किती येळानं वाजणार?"

सांगा, कुठे तोंड लपवू? भातात जागा होती, पण तिथे साहेब होते!

साहेबांना सोडवलं, झाडलं, पाणी दिलं. माणूस सभ्य. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "यंत्र प्रभावी आहे. तास मात्र बंद करा."

मी भांडले. काकांशी, पंचांशी, घरी दारी सगळ्यांशी. शेवटी काका म्हणाले, "बरं. गावच्या बैठकीत ठरवू." मला थोडी आशा वाटली. पूर्वी बैठक असली की एक माणूस सबंध दिवस बैठकीच्या ठेक्यात डबा वाजवत घरोघर हिंडायचा. आता काकांचे डोळे माझ्या ओंडक्यावर गेले. त्यांना यंत्र भलतंच आवडलं होतं!

"पोरी, जरा पाणी सोड की. तूच सोड, दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई."

मी पाटापाशी गेले. पाटाच्या तोंडावर हात ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "काका, किती वेळानं वाजायला हवं?"

त्यांनी सांगितलं. मी तसंच सोडलं.

सगळे आले. लांबच्या टेकडीवरचं घरसुद्धा चुकलं नाही, आणि कुणाच्या हातात भाला नव्हता. माझ्या बाजूनं बोलायला मात्र मी एकटीच. विडा संपायच्या आत तास बंद झाला.

काशी आईमागून घरी निघाली. जाताना यंत्रापाशी थांबली, डबा ऐकला, आणि माझ्याकडे बघून मनापासून म्हणाली, "आता जमलं बघा, बाई, तुमाला."