तळ्याच्या बुडाचं भोक

सकाळी तळ्यातल्या काठीवरची लाल रेघ पाहिली आणि चष्मा पुसला. पुन्हा पाहिली. चष्म्याचा दोष नव्हता. काल संध्याकाळी पाणी रेघेला टेकलं होतं, आज ते वीतभर खाली होतं. कालव्याचं पाणी मात्र खळाळत आत येतच होतं. भरती चालू आणि तळं उतरतंय! इतकी वर्षं सिव्हिल इंजिनिअर म्हणून पोट भरलं, पण असला चमत्कार माझ्या हातून पहिल्यांदाच घडत होता.

हे तळं कुंभकोणमहून चोळपुरम्‌ला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. काठाला नीरमरुदूची, म्हणजे अर्जुनाची, जुनी झाडं, एका कोपऱ्यात पाणकोंबड्यांचं लव्हाळं. ते जपायला गावाने समिती केली आणि मला, रिटायर्ड माणूस घरी बसून बायकोचं डोकं खातो म्हणून, टेक्निकल ॲडव्हायझर केलं. पूर्वज मराठी राजांच्या काळात इकडे आले, म्हणून गावाला मी 'राव सार'. घरात आमची ती जुनी मराठी, बाहेर सगळं तमिळ. पुढचं बोलणंही बहुतेक तमिळमधलंच, मी ते मराठीत सांगतोय.

पंचायतीच्या तलैवरांना, म्हणजे अध्यक्षांना, हे तळं बुजवून तिथे लग्नाचा मंडप बांधायचा होता. समितीच्या प्रमुख अलमेलु टीचर. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून नोकरीवर. त्यांनी भांडून एक हंगाम मागून घेतला. तलैवर म्हणाले होते, "पाणी टिकलं तर तळं. नाही टिकलं तर मंडप. मग रडायचं नाही."

कालव्याचं पाणी आम्हाला थोडेच दिवस मिळणार होतं. इथे पाणी पाळीने मिळतं. आमची पाळी संपली की कालव्याच्या तोंडाचं शटर बंद आणि पाणी खालच्या गावाच्या भाताला.

टीचर काठावर आल्या. काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"राव सार, पाणी खाली का गेलं?"

"टीचर, कोरडी माती आधी पाणी पिते."

"किती पिते?"

"पोटभर."

"पाचवीतलं पोर असं उत्तर द्यायचं तेव्हा मी त्याला उभं करायची."

मी उभाच होतो. माती पाणी पिते हे खरं आहे, पण पहिल्या दिवशी. नंतर तिने थांबायला हवं. मी मनात म्हटलं, थांबेल. दुपारी जाऊन पाहिलं, थांबली नव्हती. जेवायला घरी गेलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. बायको म्हणाली, "अहो, काल सर्वांस फोटो दाखवीत होतांत. आज तोंड कां लपवितां?"

त्या फोटोतच सगळं होतं. पण ते माझ्याकडून कबूल व्हायला नटेशन यावा लागला.

नटेशन तळ्यामागच्या गल्लीत पितळेच्या समया ओततो. साचे जमिनीतल्या खड्ड्यात उभे पुरायचे आणि वरून वितळलेलं पितळ सोडायचं, असं ते काम. तो थेट आमच्या पडवीत येऊन उभा राहिला.

"राव सार, माझ्या खड्ड्यात पाणी आलंय."

"पाइप फुटला असेल."

"माझ्याकडे पाइपच नाही. उद्या ओतकाम आहे. ओल्या खड्ड्यात पितळ पडलं तर काय होतं, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पितळ उसळून माणसांच्या अंगावर येतं. तळं गेलं तर मंडप झाला असता. इथे माणसं भाजली असती.

"भट्टी पेटवू नकोस," मी म्हटलं. "पाणी माझं आहे."

आता तो फोटो. तळ्यातला गाळ काढून झाला तेव्हा समारंभ ठेवला होता. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला शाल घालतात. शाली झाल्या, माळा झाल्या, तरी मान्यवरांचं मन भरेना. कोणीतरी सुचवलं, प्रत्येकाच्या हस्ते जेसीबीची एकेक बकेट माती काढू या. प्रत्येकाला फोटोत तळ्याचा मध्य हवा होता. म्हणून सगळ्या बकेटा एकाच जागी. शेवटची बकेट टेक्निकल ॲडव्हायझरची. मी केबिनमध्ये ऑपरेटरशेजारी बसलो, शाल सावरली, कॅमेऱ्याकडे पाहिलं. बकेट वर आली तर तिच्यात पांढरी स्वच्छ वाळू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

इथे थोडं शास्त्र. कावेरीच्या या भागात जमिनीखाली वाळू असते. तळ्यात पाणी राहतं ते वाळूवरच्या चिकणमातीच्या थरामुळे. गाळ काढताना त्या थराला हात लावायचा नाही, नाहीतर पाणी वाळूतून आजूबाजूच्या खड्ड्यांपर्यंत झिरपतं. थर किती जाड आहे हे आधी एक ट्रायल पिट, म्हणजे तपासणीचा छोटा खड्डा, खणून पाहायचं. पिट मी काठाजवळ खणला होता. तिथे थर जाड होता. मध्यावर काय आहे ते मी पाहिलं नाही, आणि दिसलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. तळ्याचं बूड फोडून मी त्याचा फोटो घरोघर दाखवत फिरत होतो.

टीचरना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यानेच जास्त भीती वाटली.

"आता?"

"शटर बंद करायचं. भोकाभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करायचं, आतलं पाणी पंपाने उपसायचं आणि चिकणमाती भरून पायांनी तुडवायची. नुसती टाकून चालत नाही. तुडवली की ती पाणी धरते."

"शटर बंद केलं आणि आपली पाळी खालच्या गावाने घेतली तर?"

"तर तळं अर्धं राहील."

"आणि नाही बंद केलं तर?"

"नटेशनची भट्टी बंद राहील, आणि तळं रिकामं."

त्या उठल्या आणि स्वतः शटर बंद करून घ्यायला गेल्या. तलैवर तिथेच उभे होते. "आजपासूनच मुहूर्त बघू का, टीचर?" असं त्यांनी विचारल्याचं मला नंतर कळलं. टीचर काय म्हणाल्या ते कोणीच सांगितलं नाही.

पुढचा प्रश्न मातीचा. तळ्यातली सगळी चिकणमाती आम्ही शेतकऱ्यांना वाटून टाकली होती, प्रत्येकाला शाल घालून. बहुतेकांनी शेतात पसरली होती. एका शेतकऱ्याचा ढीग तेवढा बांधावर तसाच होता. त्याच्या दारात गेलो.

"अण्णा, ती माती परत हवी होती."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सार, शाल घालून दिलीत. शालपण परत नेणार का?"

"शाल ठेवा."

"नेली तरी चालेल, टोचते. माती देतो, पण तुडवायला तुम्ही स्वतः उतरायचं. मी बघायला येणार."

टीचर त्याच्याही पुढे गेल्या. बकेटचा मान घेतलेल्या प्रत्येकाला त्यांनी फोन केला. साहेब, डॉक्टर, सावकार, सगळे धोतर-पँट वर करून चिखलात. "फोटोग्राफर नाही का?" असं एकाने विचारलं. टीचरनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो तुडवू लागला. माझी पाठ मोडली, एक चप्पल आत गाडली गेली ती अजून तिथेच आहे. नटेशन मध्येमध्ये जाऊन आपल्या खड्ड्यात हात घालून येत होता आणि दर वेळी मान हलवत होता. नाही. अजून ओलं.

शटर पुन्हा उघडलं तेव्हा पाळी संपत आली होती. जे आलं ते घेतलं. मग शटर हंगामापुरतं बंद झालं आणि मी काठीसमोर बसून राहिलो. काठी पाहायची, घरी जायचं, पुन्हा यायचं. पाणी केसभर उतरलं की चष्मा पुसून पुन्हा पाहायचं. ऊन आहे, वाफ होणारच, असं मी स्वतःला सांगायचो. पण माझ्या सांगण्यावर आता माझाच विश्वास नव्हता.

एका सकाळी नटेशनच्या भट्टीतून धूर दिसला. मी धावत गेलो.

"खड्डा कोरडा?"

"राख भरून दोनदा तपासला, राख भिजली नाही. कोरडा." मग म्हणाला, "पुढच्या वेळी सांगून फोडा, सार."

तलैवर आले ते माणसांसह. त्यांनी काठी पाहिली, निम्म्यावर थांबलेलं पाणी पाहिलं.

"हे अर्धंच आहे."

"पण टिकलंय," टीचर म्हणाल्या. "तुम्ही 'टिकलं तर' म्हणाला होतात. 'भरलं तर' नव्हे."

त्यांनी काठी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "या वर्षी राहू दे."

या वर्षी. एवढंच मिळालं. उथळ पाण्यात बगळे उतरले, तेव्हा कोणीतरी टीचरना विचारलं की सारनी मुद्दाम पक्ष्यांसाठी अर्धं ठेवलं का. मी हो म्हणायच्या आत त्या नाही म्हणाल्या.

यातून जे शिकलो ते पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. तळं जितकं खोल तितकं चांगलं, असं लोकांना वाटतं. इंजिनिअरला तसं वाटत नाही, असं समजूनच त्याला बोलावतात.