आक्कांना दोरा पटला नाही

माझ्या सासूबाईंचं दातकोरणं त्यांच्या मंगळसूत्राला लटकलेलं असायचं. सेफ्टी पिन. पदराला तीच, ब्लाउजचं हुक तुटलं तरी तीच, आणि जेवण झालं की फटीत अडकलेलं मटण काढायलाही तीच. पुसायची कुठे, तर पदराला. सगळे त्यांना आक्का म्हणायचे म्हणून मीही आक्काच म्हणू लागले. लग्न होऊन नेरुळच्या घरात आले आणि ती पिन बघून जी चिडले, ती आजतागायत चिडलेलीच आहे.

बाई अस्वच्छ होती असं मुळीच नाही. मूळच्या साताऱ्याकडच्या. सासरे मार्केटात पोती उचलायचे. ते घरी आले की पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. स्वतः खसाखसा दात घासायच्या आणि जेवणानंतर अशा खळखळून चुळा भरायच्या की खालच्या मजल्यावर कळायचं, आक्कांचं जेवण झालं. "दोनदा घासतीया, चुळा भरतीया, आनि काय करू?" हा त्यांचा सवाल. दात होतेही तसे. सुकं खोबरं दातानं फोडायच्या, ऊस दातानं सोलायच्या. आणि हसायच्या तर अख्खी बत्तिशी दाखवून. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला त्यांचं हसू जिन्यात ऐकू यायचं. ते हसू मला फार आवडायचं.

मग एकदा भाकरीच्या तुकड्याला रक्त दिसलं. "येतंय मधनंमधनं," म्हणाल्या, जसं काही पाणी येतंय मधनंमधनं. मी हाताला धरून सेक्टरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट समजावलं. ब्रश दातांवरून फिरतो, दोन दातांच्या मध्ये शिरत नाही. तिथे राहिलेलं कुजतं, हिरडी सुजते, मग आतलं हाड झिजतं आणि न किडलेला दातसुद्धा हलायला लागतो. हिरड्यांच्या आत साचलेली घाण त्यांनी काढून दिली. वर बजावलं, आता रोज जेवणानंतर हा पुदिन्याच्या वासाचा फ्लॉसचा दोरा प्रत्येक फटीतून, दाताला लपेटून, अलगद फिरवायचा. सुरुवातीला रक्त येईल, थांबू नका. रोज केलंत तर हिरडी बरी होईल आणि रक्त आपोआप बंद होईल. यातलं आक्कांनी काय ऐकलं? रक्त येईल. झालं.

पहिल्याच दिवशी दोरा लाल झाला. तो माझ्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "बग. ह्योच कापतोय माज्या हिरड्या."

"अहो आक्का, हिरडी आधीच सुजलीय म्हणून येतंय रक्त. फटी साफ राहिल्या की थांबेल."

"जखमंला कुनी हात लावतं व्हय? रगात आलं की हळद दाबायची आनि गप बसायचं. आमच्या आयनं हेच शिकवलं."

आणि खरोखर हळद दाबली. गुडघा फुटला की हळद, विळी लागली की हळद, तशी हिरडीलाही हळद. जिथे रोज हात फिरवायला हवा होता नेमकी तीच जागा सोवळ्यात ठेवली. मी ओरडले, विनवण्या केल्या, अबोला धरला. बाई ढिम्म. वर शेजारणीला सांगायच्या, "सून गुनाची हाय, पन दोऱ्याचं याड लागलंय तिला."

दसऱ्याला दाराशी गेले तर झेंडूच्या तोरणाला पुदिन्याचा वास. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आक्का, हे कशात ओवलंय?" तर म्हणतात, "त्यो तुजा दोरा लई चिवट हाय गं. मेन बी लावल्यालं हाय. डबीत पडून काय करनार?" नवरा पोट धरधरून हसला. त्याला मी त्या दिवशी श्रीखंड वाढलं नाही. स्वतःच्या तोंडात जो दोरा चालला नाही तो झेंडूच्या तोंडात चालला, म्हणे.

पुढे व्हायचं तेच झालं. दात हलू लागले, दोन दातांत बोटभर फट दिसू लागली, आणि एक दिवस पुढचा दात घासासोबत हातात आला. तो उजेडात धरून त्या कितीतरी वेळ बघत बसल्या. "किडका बी न्हाई गं," म्हणाल्या. एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता उशीर झालाय. एकेक करून सगळे गेले. कवळी आली, ती टोचायची, म्हणून कपाटातच राहायची. भाकरी आमटीत बुडू लागली. आणि हसू? हसू पदराआड गेलं. हळदीकुंकवाला जाणंच सोडलं त्यांनी. "बोळकं घिऊन कुटं मिरवू?" मला असा संताप यायचा. काय देवानं दिलं होतं आणि काय करून बसली ही बाई.

एकदा सारसोळ्याच्या जेट्टीकडे फिरायला गेलो होतो. आक्कांनी गाडीवरची भाजलेली कणसं घेतली, एक मला, एक माझ्या लेकीला. स्वतःला नाही. लेकीच्या कणसाचे दाणे बोटांनी सोलून तिच्या ओंजळीत टाकत बसल्या, मध्येच बोटं नाकाशी नेऊन वास घ्यायच्या. चारचौघांत मी तोंड सोडलं. "एवढं सोपं होतं, आक्का. जेवल्यावर पाच मिनिटं. सगळ्यांचं केलंत जन्मभर, स्वतःच्या दातांना पाच मिनिटं द्यायला काय झालं होतं तुम्हाला?"

त्या दाणे सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, "माज्यावर लई जनं चिडली आजवर. सासू चिडली, मालक चिडलं, पोरं चिडली. माज्यासाटी चिडलेली तू पैलीच."

त्यानंतरच्या थंडीत आक्का गेल्या. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, आता तरी राग सोड गं, गेलेल्या माणसावर कसला राग. मी मान हलवली. सोडला मात्र नाही.

आता रोज जेवणं झाली की लेकीला आणि नवऱ्याला मी बेसिनपाशी उभं करते. लेक मुकाट्याने करते. नवरा आईवरच गेलाय. हिरडीतून जरा रक्त आलं की दोरा ठेवून देतो. काल म्हणाला, "राहू दे ना आज. किती चिडशील माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही रे," मी म्हटलं आणि दोरा त्याच्या हातात दिला.